घड्याळ साक्ष देत नाही

दर जुलैत आमच्या सायकलवाल्यांच्या कट्ट्यावर एकच वाद पेटतो. रविवारी सकाळी सिंहगड चढून उतरलो, डोणज्याच्या टपरीवर चहा घेत टेकलो, की कुणीतरी विषय काढतोच: पोगाचार घेतो का? काय घेतो, हे सांगावं लागत नाही. तादेय पोगाचार, स्लोव्हेनियाचा. २०२०, २०२१, २०२४ आणि २०२५ अशी चारदा टूर द फ्रान्स जिंकलेला. २०२४ मध्ये तर एकाच वर्षात जिरो (इटलीची मोठी शर्यत), टूर आणि जागतिक विजेतेपद, जे १९८७ नंतर कुणाला जमलं नव्हतं. एक गट म्हणतो, "घेतल्याशिवाय असं कुणी चढूच शकत नाही." दुसरा म्हणतो, "शेकडो वेळा तपासलाय, एकदाही सापडला नाही, आता तरी गप्प बसा." आवाज चढतात, माणसं रुसतात आणि पुढच्या रविवारी तीच वाक्यं तशीच्या तशी पुन्हा निघतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पोगाचारने उत्तेजक घेतल्याचा कोणताही पुरावा आजवर पुढे आलेला नाही, तेव्हा त्याला चोर म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच वेळी, चाचणीत न सापडणं हा चारित्र्याचा दाखला ठरत नाही, आणि ज्या खेळाने इतक्यांदा फसवलं त्याला प्रश्न विचारणाऱ्याला मत्सरी म्हणणं अन्यायाचं आहे. दोन्ही गट चुकीचा साक्षीदार पिंजऱ्यात उभा करतात. एकाने घड्याळ उभं केलंय, दुसऱ्याने लघवीच्या नमुन्याची बाटली. सायकल शर्यतींचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहा: मोठी सत्यं बहुतेक वेळा माणसांच्या तोंडून बाहेर आली, आणि ती सांगणाऱ्यांचे हाल कुत्रा खाईना असे झाले. वाद घालायचाच असेल, तर तो त्या माणसांवरून घालू या.

घड्याळवाल्यांचं म्हणणं हलकं नाही, हे कबूल केलं पाहिजे. १४ जुलै २०२४ ला पिरेनीजमधल्या प्लातो द बेयच्या चढावर पोगाचारने मार्को पान्तानीची १९९८ ची वेळ साडेतीन मिनिटांहून जास्त फरकाने मोडली. सोळाएक किलोमीटरचा चढ, पाऊण तासाच्या आतलं काम, आणि त्यात साडेतीन मिनिटं! पान्तानी कुणी सोम्यागोम्या नव्हता. त्या वर्षी जिरो आणि टूर दोन्ही जिंकलेला, डोंगर दिसला की जागेवरून उठून सुटणारा माणूस. त्याच्या रक्तात तेव्हा काय होतं, तेही आता उघड आहे. १९९८ च्या टूरमधल्या त्याच्या नमुन्यांत नंतरच्या तपासणीत ईपीओ सापडलं, आणि २०१३ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या अहवालाने ते जाहीर केलं. ईपीओ म्हणजे मूत्रपिंडात तयार होणाऱ्या संप्रेरकाची कारखान्यातली प्रत. किडनी निकामी झालेल्या रुग्णांचं रक्त वाढावं म्हणून आणलेलं औषध. त्याने तांबड्या पेशी वाढतात, रक्त जास्त प्राणवायू वाहून नेतं, आणि लांबच्या चढावर त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. मग औषध घेतलेल्या सर्वोत्तम चढाईवाल्याला औषध न घेतलेला माणूस इतका मागे कसा टाकतो? त्यात पोगाचारच्या संघाचा प्रमुख मावरो जानेत्ती. २००८ मध्ये तो ज्या संघाचा प्रमुख होता, त्या संघाचा रिक्कार्दो रिक्को टूर चालू असतानाच ईपीओच्या नव्या प्रकारात सापडला आणि अख्खा संघ शर्यत सोडून गेला. शंका आली तर तिला वेडेपणा म्हणता येणार नाही.

पण शंकेपासून निकालापर्यंतची उडी फार लांब आहे. पान्तानी आणि पोगाचार यांच्यामध्ये २६ वर्षं आहेत. पान्तानीच्या वेळचे टायर अरुंद आणि दगडासारखे कडक फुगवलेले असत. आज रुंद, ट्यूब नसलेले आणि कमी हवेचे टायर वापरतात आणि ते रस्त्यावर कमी अडतात. चढावरही हे लोक ताशी वीसच्या वर जातात, म्हणजे वाऱ्याचा अडथळा तिथेही असतोच, आणि आजची सायकल, कपडे, बसण्याची ढब सगळं वाऱ्याच्या बोगद्यात घासूनपुसून घेतलेलं असतं. खाण्यातला फरक त्याहून मोठा. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचं मिश्रण दिलं तर आतडी दोन वेगळ्या वाटांनी साखर शोषतात, हे कळल्यापासून स्वार तासाला १०० ते १२० ग्रॅम कर्बोदकं घेतात. म्हणजे साधारण सहा पोळ्यांतलं पिष्ट, दर तासाला, पाच-पाच तास, तेही सायकल चालवता चालवता. पान्तानीच्या काळी याच्या निम्म्याच्या आसपासच खाल्लं जाई आणि शेवटच्या चढाला पोचेपर्यंत टाकी रिकामी व्हायची. शिवाय त्या दिवशी पोगाचारचा डॅनिश प्रतिस्पर्धी योनास विंगेगोर याच्या संघाने पायथ्यापासूनच वेग धरला होता. स्वतः विंगेगोर पोगाचारच्या मागे मिनिटभराहून थोडा जास्त राहिला, आणि पान्तानीची वेळ त्यानेही मोडली.

इथे घड्याळवाले म्हणतात, "मग दोघंही घेतात." ठीक. तिसराही मोडेल, चौथाही मोडेल, आणि प्रत्येकाला हेच उत्तर लागू पडेल. असा कोणता निकाल आहे, जो पाहून तुम्ही म्हणाल की हा माणूस स्वच्छ आहे? हरला तर औषध कमी पडलं, जिंकला तर जास्त झालं. ज्या आरोपाला खोटं ठरण्याची वाटच ठेवलेली नाही, तो आरोप म्हणजे सुतावरून गाठलेला स्वर्ग.

वॅटच्या, म्हणजे पायांतून निघणाऱ्या ताकदीच्या, आकड्यांचंही तेच. फेस्तिना संघाचा माजी प्रशिक्षक अँत्वान वाये याने एक मोजपट्टीच बनवली होती: ७० किलोच्या स्वाराने लांब चढावर ४१० वॅट काढले तर संशयास्पद, ४३० काढले तर चमत्कार, ४५० च्या वर गेला तर माणूसच नव्हे. वाये प्रामाणिक माणूस आहे, आणि त्याने हे आकडे काढले तेव्हा त्यांची गरजही होती. पण ते बाहेरून काढलेले अंदाज आहेत. माझ्या सायकलच्या क्रँकमध्ये वॅट मोजणारं मीटर आहे. सिंहगडावर जीव तोडून मी किलोमागे जेमतेम तीन वॅट काढतो. पोगाचारचे त्या दिवसाचे अंदाज सातच्या आसपास आहेत, आणि त्या आकड्यापुढे माझं डोकं आपोआप झुकतं. गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकाने माझी चढाईची वेळ, वजन आणि चढाचा कोन घेऊन त्याच सूत्राने वॅट काढून दाखवले. माझ्या मीटरपेक्षा वीस जास्त आले! त्या सकाळी खालच्या टप्प्यात वारा पाठीवर होता, एवढंच. वीस वॅट म्हणजे वायेच्या पट्टीवर 'संशयास्पद' आणि 'चमत्कार' यांच्यामधलं पूर्ण अंतर. एवढ्या चुकीच्या जोरावर आपण एखाद्याची अब्रू घ्यायची? २०१५ च्या टूरमध्ये रस्त्याकडेच्या एका प्रेक्षकाने आघाडीवर असलेल्या क्रिस फ्रूमच्या अंगावर पेलाभर लघवी फेकली आणि 'औषधं घेणारा' म्हणून ओरडला. त्याच्याकडे घड्याळाखेरीज दुसरं काय होतं?

आता बाटलीवाले. त्यांचंही एक म्हणणं खरं आहे: आजची तपासणी १९९९ ची राहिलेली नाही. २००८ पासून जैविक पासपोर्ट आहे. त्यात एखादं औषध शोधण्याऐवजी प्रत्येक स्वाराच्या रक्ताचा आलेख वर्षानुवर्षं ठेवतात आणि त्यातले न शोभणारे चढउतार पाहतात. स्वाराला रोज एक तास कुठे सापडेल ते आधी कळवावं लागतं. नमुने दहा वर्षांपर्यंत ठेवून नव्या पद्धतीने पुन्हा तपासता येतात. आणि सिद्ध होईपर्यंत निर्दोष, हे तत्त्व कुठल्याही सभ्य समाजाचा पाया आहे. मी ते मानतो. पण ते तत्त्व शिक्षा देणाऱ्यांचे हात बांधतं, विचारणाऱ्यांची तोंडं बांधत नाही.

आणि 'कधीच सापडला नाही' हे वाक्य आपण याआधी कुणाच्या तोंडून ऐकलं? लान्स आर्मस्ट्राँगच्या. १९९९ ते २००५ सलग सात टूर, पाचशेहून अधिक चाचण्या, एकही दोषी नाही, असं तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. हेही पूर्ण खरं नव्हतं. १९९९ मध्येच त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश आला होता. बैठकीच्या फोडांवर लावलेल्या मलमाची मागची तारीख घातलेली डॉक्टरी चिठ्ठी पुढे केली गेली आणि प्रकरण मिटलं. ईपीओची चाचणी तर १९९९ मध्ये अस्तित्वातच नव्हती, आणि ती आल्यावर स्वतःचंच साठवलेलं रक्त परत चढवण्याची पद्धत बोकाळली, जिला बाटली आजही सहज पकडू शकत नाही. १९९८ च्या जागतिक स्पर्धेत रक्त तपासणारे दारात आलेले असताना संघाच्या डॉक्टरने रेनकोटखाली लपवून सलाईनची पिशवी आत नेली आणि रक्त पातळ करून घेतलं, अशी साक्ष पुढे नोंदली गेली. रेनकोटखालची पिशवी! एवढ्यावर 'तपासणीत स्वच्छ' असा शेरा मिळतो.

आर्मस्ट्राँग पडला तो प्रयोगशाळेमुळे नव्हे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने हजार पानांचा पुरावा मांडला. त्याच्या केंद्रस्थानी शपथेवर बोललेली २६ माणसं होती आणि त्यांतले ११ त्याचे एकेकाळचे सहकारी. त्याआधी १९९८ चं फेस्तिना प्रकरण फुटलं, ते संघाचा मालिशवाला विली फूट औषधांनी भरलेली गाडी घेऊन फ्रान्सच्या सीमेवर कस्टमवाल्यांच्या हाती लागला म्हणून. धावपटू मॅरियन जोन्सही चाचण्यांतून सुटत राहिली. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने वापरलेली सिरिंज तपासणाऱ्यांकडे पाठवली, तिथून धागा निघाला आणि २००७ मध्ये तिने कबुली दिली. कस्टमवाला, मालिशवाला, सहकारी, नाराज प्रशिक्षक. खरं बाहेर येतं ते यांच्याकडून.

यांतल्या दोघांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एमा ओरायली ही आर्मस्ट्राँगच्या संघात मालिश करणारी आयरिश बाई. मागच्या तारखेच्या चिठ्ठीचं तिनेच सांगितलं. त्यावर आर्मस्ट्राँगने तिला जगासमोर वेश्या आणि दारुडी ठरवलं आणि कोर्टात खेचलं. खोटं बोलणारा तो, फिर्यादीही तोच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. तिच्या हकिकतीवर लिहिणाऱ्या डेव्हिड वॉल्श यांच्या वृत्तपत्राला ब्रिटनमध्ये तीन लाख पौंड देऊन तडजोड करावी लागली. आणि क्रिस्तोफ बासाँ. फेस्तिना संघातला हा एक स्वार औषधं घेत नव्हता, असं त्याच्या औषधं घेणाऱ्या सहकाऱ्यांनीच पोलिसांना सांगितलं होतं. १९९९ च्या टूरमध्ये तो पॅरिसच्या एका दैनिकात रोजचा स्तंभ लिहायचा आणि या वेगांवर आपला विश्वास बसत नाही असं म्हणायचा. आल्प्समधल्या आल्प द्युएझच्या चढाच्या टप्प्याला सगळ्यांनी सुरुवातीला हळू जायचं ठरवलं होतं आणि ते त्याला कुणा स्वाराने सांगितलंही नव्हतं. तो पुढे निघाला. पिवळ्या, म्हणजे आघाडीवाल्याच्या, जर्सीतला आर्मस्ट्राँग मागून आला, त्याच्या बरोबरीने चालू लागला, आणि त्याला म्हणाला की तू बोलतोस ते खेळाला घातक आहे, तू इथून गेलेलं बरं. मागच्या दीडशेएक स्वारांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी बासाँने टूर सोडली.

आता कागद काय म्हणतो पाहा. त्या कागदावर आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं स्वच्छ. आणि बासाँ? २०१२ मध्ये एका माउंटन बाइक शर्यतीतून तो मध्येच बाहेर पडला, चाचणीला हजर राहिला नाही, म्हणून त्याच्या महासंघाने त्याच्यावर एक वर्षाची बंदी घातली. अपिलात ती महिन्यावर आली. म्हणजे नुसती नोंदवही उघडली तर दोषी बासाँ ठरतो. बाटलीवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

तिसरंही एक मत असतं, चहा संपत आल्यावर निघणारं: सगळेच घेत होते, मग आर्मस्ट्राँगच सर्वांत मोठा, मैदान सारखंच होतं. वरवर हे पटतं. त्या सात वर्षांत त्याच्याबरोबर मंचावर उभे राहिलेले बहुतेक जण पुढे कुठल्या ना कुठल्या प्रकरणात आले, आणि त्या विजेतेपदांच्या जागा आजही रिकाम्या आहेत. पण मैदान सारखं नव्हतं. १९९७ पासून रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं की स्वाराला बसवत. ज्याचं मुळातच ४८ आहे त्याला औषधाने दोन टक्के मिळणार, ज्याचं ४० आहे त्याला दहा. मिकेले फेरारीसारखा डॉक्टर परवडणारा एक, आणि हॉटेलच्या न्हाणीघरात स्वतःच सुई टोचून घेणारा दुसरा. यात गुण कोणाचे मोजले, पायांचे की औषधाला दाद देणाऱ्या शरीराचे? आणि 'सगळे' म्हणताना आपण बासाँला मोजतच नाही. जे न घेता मागे राहिले, घरी गेले, ज्यांची नावं निकालाच्या दुसऱ्या पानावर गेली, ते सगळ्यांत येत नाहीत का?

सगळ्यांत अवघड मुद्दा मात्र वेगळाच आहे आणि तो मला घरातून आला. २००५ मध्ये माझ्या मावसभावाला तोच वृषणाचा कर्करोग झाला, जो आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये झाला होता. केमोच्या दिवसांत त्याच्या मनगटावर आर्मस्ट्राँगच्या कर्करोग संस्थेची ती पिवळी रबरी पट्टी असायची, अमेरिकेतल्या मित्राने पाठवलेली. हाताची शीर सापडेना म्हणून नर्स ती वर सरकवायची, आणि सुई लागली की तो स्वतः पुन्हा खाली ओढायचा. उलट्यांनी हैराण झालेला असताना तो मला सांगायचा, "दादा, तो यातून उठून डोंगर चढला." अशा माणसासमोर जाऊन तो डोंगर खोटा आहे असं कोण म्हणेल? मी म्हणालो नाही, आणि तेव्हा वॉल्शचं लिखाण मला माहीत होतं. २०१३ च्या जानेवारीत टीव्हीवर कबुली आली तेव्हा त्याला फोन करायला मला दोन दिवस लागले. तो म्हणाला, "मी बरा झालो ते सिस्प्लॅटिनने. पण त्या बाईला तो काय काय बोलला ते वाचलं, त्याचा त्रास झाला." आशा खरी होती, हे मी मान्य करतो. पण तीच आशा ढालीसारखी पुढे धरून एमा ओरायलीला गप्प केलं गेलं. आर्मस्ट्राँगवर शंका घेणं म्हणजे कर्करुग्णांवर घाव, असंच वातावरण तेव्हा होतं. २००५ मध्ये पॅरिसच्या मंचावरून त्याने शंकेखोरांची कीव केली, तुमचा चमत्कारांवर विश्वास नाही याचं वाईट वाटतं म्हणाला. त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

हे फक्त तिकडचं नाही. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव चाचणीत सापडला. माझ्या अन्नात कुणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला. आपल्या देशातल्या समितीने ते मानलं, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मानलं नाही, आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. त्या दिवसांत 'अडकवलं' असं छातीठोकपणे म्हणणारे आम्हीच होतो, पुरावा न पाहता. स्पेनचा सायकलपटू आल्बेर्तो काँतादोर २०१० च्या टूरमध्ये सापडला तेव्हा तोही म्हणाला होता की गोमांसातून आलं. त्यावर आम्ही हसलो होतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले. त्याच वर्षी दिल्लीतल्या राज्य स्पर्धेत तपासणारे आल्याचं कळताच खेळाडू पळाले आणि शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उरला. त्या पळालेल्यांतल्या एखाद्याने उद्या उभं राहून कुणी सुई दिली ते सांगितलं, तर आपण त्याच्याशी कसं वागणार आहोत?

म्हणून गेल्या जुलैत मी कट्ट्यावर वेगळे प्रश्न ठेवले. प्लातो द बेयच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांची दहा वर्षांची मुदत २०३४ मध्ये संपते. सगळेच नमुने काही ठेवले जात नाहीत, मग कोणाचे ठेवायचे हे कोण ठरवतं? पुन्हा तपासले तर निकाल, दोषी असो वा निर्दोष, जाहीर करायला काय हरकत आहे? कार्बन मोनॉक्साइड हुंगून रक्त मोजण्याची पद्धत मोठे संघ वापरतात हे २०२४ मध्ये पत्रकारांनी बाहेर काढलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती वारंवार वापरण्यावर बंदी आली. ते पत्रकारांच्या आधी नियम करणाऱ्यांना का कळलं नाही? आणि संघातल्या एखाद्या मालिशवाल्याला काही सांगायचं असेल, तर नोकरी न जाता त्याने जायचं कुठे? शंका आल्याबद्दल स्वतः विंगेगोर चिडला नव्हता. खेळाचा इतिहास पाहता लोकांनी साशंक असणं समजू शकतो, असंच तो २०२३ मध्ये म्हणाला. तेवढ्याने तो निर्दोष ठरत नाही, पण बासाँच्या बरोबरीने सायकल आणून त्याला हाकलणाऱ्यापेक्षा हे बोलणं मला फार वेगळं वाटतं.

दोन्ही गट थोडा वेळ शांत बसले. मग घड्याळवाल्यांतल्या एका पोराने, ज्याला पान्तानीच्या प्रत्येक चढाची वेळ तोंडपाठ आहे, विचारलं, "पण काका, हा बासाँ कोण?" मी टपरीवाल्याला आणखी दोन कप सांगितले आणि आल्प द्युएझच्या त्या टप्प्यापासून सुरुवात केली.